सूर्यावर सावली कुठे शोधायची?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका दादांनी विचारलंय: "मुलगी सहावीत आहे. ती म्हणते, आपल्याकडे ४७ अंशांतही लोक शेतात काम करतात, मग चांगला सूट घालून माणूस सूर्यावर का जाऊ शकत नाही? निदान जवळ तरी? आणि गेलाच तर नेमका कशाने मरेल? मी 'जळून जाईल' म्हणालो, पण तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही."

दादा, 'जळून जाईल' हे उत्तर चूक नाही, पण तुमच्या लेकीला ते पुरणार नाही. मी ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात गेली २३ वर्षं विज्ञान शिकवतोय. एप्रिलमध्ये वर्गातले पंखे गरम हवा फेकायला लागले की हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, रातच्यानं गेलो तं?" सगळा वर्ग हसला. मी त्याला फळ्याजवळ बोलावून शाबासकी दिली, कारण मर्माची गोष्ट त्याला बरोबर दिसली होती. उन्हापासून वाचायचं तर ऊन नसेल अशी जागा हवी. त्याच्याकडे पुढे येतो.

तुमच्या मुलीच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. 'सूर्यावर' हा एक आणि 'सूर्याजवळ' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ठाम आहे. दुसऱ्याचं मात्र किती जवळ, किती वेळ आणि मध्ये आडोसा कशाचा, यावर ठरतं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माणूस जगतो तो अंगातली उष्णता सतत बाहेर टाकत राहून. टाकायला जागा उरली नाही की संपलं. बाहेर ऊन किती आहे, हा हिशेब त्यानंतरचा.

आधी आपले ४७ अंशच घ्या. नुसतं बसलेलं माणसाचं शरीरही जुन्या १०० वॉटच्या बल्बाइतकी उष्णता तयार करतं. वखर, कुदळ, डोक्यावर भारा अशी कामं असली की ती ४०० वॉटच्या घरात जाते. वर दुपारचा सूर्य प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ओततो. कातडी असते ३५ अंशांच्या आसपास आणि हवा ४७, म्हणजे हवेकडे उष्णता जाणं बंद; उलट हवाच अंगात उष्णता भरते. मग माणूस टिकतो कसा? घामाने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४ लाख जूल उष्णता घेऊन जातो. मेहनत करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. रांजणातलं पाणी गार होतं तेही असंच: थोडं पाणी झिरपून वाळतं आणि उरलेल्याची उष्णता नेतं.

हे मी मुलांना थर्मामीटरवर दाखवतो. दोन थर्मामीटर सावलीत टांगायचे, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. कोरड्या हवेत साधा ४५ दाखवतो तेव्हा ओला २५-२६ वर येऊन थांबतो. विदर्भातला माणूस ४७ अंशांत टिकतो तो या वीस अंशांच्या फरकावर. आता आठवा, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर काय होतं. पारा ३७-३८ ला उतरलेला असतो, पण जीव नकोसा होतो, कारण हवा ओली झाली आणि घाम वाळेना. ओल्या फडक्याचा थर्मामीटरच ३५ च्या आसपास गेला, तर धडधाकट माणूस सावलीत नुसता बसूनही फार तास काढू शकत नाही. प्रत्यक्षात बहुतेकांची हद्द त्याच्याही बरीच आधी येते.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. कॉलेजात असताना मेच्या सुट्टीत मोठ्या बाबांसोबत तेंदूपत्ता तोडायला गेलो होतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सगळं रीतसर होतं. अकराच्या सुमारास पुडके बांधता बांधता ते मला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागले. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठक्क. आम्ही त्यांना मोहाखाली आडवं केलं, सदरा काढला आणि डबकीतलं सगळं पाणी अंगावर ओतलं. नुसत्या पाण्याने काही होईना. मग एका बाईने ओला दुपट्टा त्यांच्या छातीवर पसरला आणि सुपाने वारा घालायला सुरुवात केली. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी मला ओळखलं, मग दवाखान्यात नेलं. ते वाचले. त्यांच्या अंगातून उष्णता बाहेर जायचा रस्ता बंद पडला होता आणि त्या बाईने तो उघडला होता. अंगाचं आतलं तापमान ३७ चं ४० च्या वर गेलं की मेंदू आधी बिघडतो. माणसाच्या जगण्याची पट्टी इतकी अरुंद आहे, जेमतेम चार-पाच अंशांची. सूर्याच्या गोष्टीत हे कायम लक्षात ठेवा.

आता पृथ्वी सोडून वर जाऊ. अवकाशात हवा नाही, म्हणजे वारा नाही आणि दुपट्ट्याचाही उपयोग नाही. तिथे उष्णता बाहेर टाकायचे दोनच मार्ग उरतात. एक, प्रारणाने, म्हणजे तापलेल्या तव्याची धग लांबूनही जाणवते तशी. दुसरा, सोबतचं पाणी बाहेर सोडून. अंतराळवीरांच्या सूटमध्ये हेच करतात: अंगाभोवतीच्या नळ्यांतून गार पाणी फिरवतात आणि गोळा झालेली उष्णता बर्फाची थेट वाफ करून बाहेर टाकतात. आपल्या अंतरावर, सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, चौरस मीटरला १,३६१ वॉट ऊन पडतं. काळी पाटी सूर्यासमोर धरली आणि तिची पाठ झाकली, तर ती १२० अंशांच्या आसपास तापेल. तिच्या सावलीतली वस्तू मात्र शून्याच्या खूप खाली जाईल. ऊन आणि सावली यांत एवढा फरक, तोही एका पाटीच्या दोन बाजूंना.

सूर्याकडे सरकलं की ऊन कसं वाढतं, यासाठी माझा आवडता प्रयोग बल्बाचा आहे. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब आणि फुग्याला काजळी लावलेला थर्मामीटर. आधी ४० सेंटीमीटरवर ठेवायचा, पारा किती चढला ते लिहायचं. मग २० वर. मुलं सांगतात, "दुप्पट चढेल." तो जवळपास चौपट चढतो. अंतर निम्मं तर ऊन चारपट, अंतर दहावा हिस्सा तर ऊन शंभरपट. हीच पाटी सूर्यापासून दीड कोटी किलोमीटरवर नेली तर ९७० अंशांना पोचते. तांबंसुद्धा त्याच्या थोडं पुढे, १,०८५ ला वितळतं.

मग बुध ग्रह? तो सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे. दिवसा ४३० अंश, रात्री उणे १८०. पण बुधाच्या ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांमध्ये ऊन कधीच पोचत नाही, आणि तिथे पाण्याचा बर्फ असल्याचा भक्कम पुरावा मेसेंजर यानाने दिला. २०१२ मध्ये तो जाहीर झाला. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ग्रहावर बर्फ! वर्गात हे सांगितलं की पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. मलाही हे सांगताना दरवेळी तितकाच आनंद होतो. त्याच्यापेक्षा लांबचा शुक्र मात्र ४६५ अंशांचा आहे, कारण त्याच्यावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी आहे आणि उष्णता बाहेर सुटत नाही. म्हणजे जवळ-लांब एवढ्यावर भागत नाही. सावली आहे का आणि उष्णता निघून जाते का, हे बघावं लागतं.

माणसाने बनवलेली वस्तू सूर्याच्या किती जवळ गेली, हेही मुलीला सांगा. पार्कर सोलर प्रोब हे यान ऑगस्ट २०१८ मध्ये सुटलं आणि २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. वेग तासाला सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणजे नागपूर-मुंबई चार-पाच सेकंदांत. तिथे ऊन आपल्यापेक्षा पावणेपाचशे पट. यानाच्या पुढे साडेअकरा सेंटीमीटर जाडीची कार्बनची ढाल आहे, सूर्याकडच्या बाजूला पांढरा लेप दिलेली. तिची पुढची बाजू सुमारे चौदाशे अंश सोसेल अशी बनवली आहे. तिच्या मागे, सावलीत, उपकरणं ३० अंशांच्या आसपास राहतात. आपल्या मार्चमधल्या सकाळसारखी.

हे यान ज्यांच्या नावाचं आहे ते शास्त्रज्ञ यूजीन पार्कर. सूर्याकडून कणांचा वारा सतत वाहतो, असं त्यांनी १९५८ मध्ये मांडलं, तेव्हा परीक्षकांनी तो लेख नाकारला होता. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडली नाही म्हणून त्यांनी लेख छापला. प्रश्न विचारणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

इथे कोणी अडवेल: "सूर्याभोवतीचा प्रभामंडळ, म्हणजे त्याच्या बाहेरचा वायूचा थर, तर दहा-वीस लाख अंशांचा असतो. यान त्यातून गेलं तर वितळलं कसं नाही?" लोहाराकडे उभं राहून बघा. ऐरणीवरून उडणारी ठिणगी हजार अंशांच्या आसपास असते, तरी हातावर पडली तर फक्त चुटका बसतो. उकळत्या चहाचा पेला फक्त शंभर अंशांचा, पण अंगावर सांडला तर फोड येतात. ठिणगीत तापमान जास्त असतं, पण माल थोडा. प्रभामंडळ इतका विरळ आहे की त्यातले कण अतिशय वेगवान असूनही एकूण उष्णता कमी देतात. यानाला खरं भाजतं ते समोरचं ऊन.

मग त्या ढालीमागे माणूस बसवला तर? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की नुसत्या उष्णतेपुरतं बोलायचं तर, मागे काळंगार मोकळं आकाश आहे तोवर उष्णता तिकडे टाकता येते. यान तेच करतं. माणूस मरेल तो बहुधा दुसऱ्या दोन कारणांनी. पहिलं, किरणोत्सार. सूर्यावर वादळं होतात तेव्हा वेगवान प्रोटॉनांचा मारा सुटतो आणि ढालीची सावली तो पूर्ण अडवू शकत नाही, कारण हे कण सरळ रेषेतच येतात असं नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये असं एक मोठं वादळ झालं होतं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरात जायचं होतं. मधल्या त्या दिवसांत चंद्रावर कोणी असतं तर गंभीर आजारी पडलं असतं, आणि हे पृथ्वीच्या अंतरावर. दुसरं कारण, चूक करायला वेळ नाही. यान थोडं कलंडलं आणि एखादा भाग ढालीबाहेर आला तर तो सेकंदांत जातो. म्हणून ते यान स्वतःच तोल सावरतं. सूर्याजवळून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला सव्वाआठ मिनिटं लागतात. विचारून उत्तर येईपर्यंत सगळं संपलेलं असेल.

म्हणून 'किती जवळ?' याला मी एक आकडा देत नाही. बुधाच्या आसपास, भक्कम सावलीत, थोड्या दिवसांसाठी माणूस राहू शकेल असं माझं मत आहे. त्याच्या आत प्रत्येक पावलाला ढालीचं वजन वाढतं आणि चुकीला मिळणारा वेळ घटतो.

आता खुद्द सूर्यावर. तिथे वरची सगळी युक्ती एका कारणाने कोसळते: सावली पडायला जागाच नाही. पृष्ठभागाचं तापमान ५,५०० अंश, आणि तो खाली, बाजूला, चहूकडे. जी ढाल नेऊ ती सगळीकडून तापेल. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं. ५,५०० ला घनरूपात टिकणारा पदार्थ आपल्याकडे नाही. कोणी म्हणेल, सूटमध्ये जबरदस्त एसी बसवू. दादा, तुमच्या घरी कूलर कुठे बसवलाय? खिडकीत. तोच दारं-खिडक्या लावलेल्या खोलीच्या मध्ये ठेवून बघा, तासाभरात अंगाला कपडे चिकटतील. फ्रिजच्या मागची जाळी गरम लागते ती त्याचसाठी. कोणतंही यंत्र गारवा तयार करत नाही, ते उष्णता इथून उचलून तिथे टाकतं. सूर्यावर 'तिथे' सुद्धा ५,५०० अंश आहे. तिथे उष्णता टाकायची तर यंत्राचा मागचा भाग त्याहून जास्त तापवावा लागेल, आणि तो वितळल्याशिवाय तापणार नाही.

किती वेळात? एक ढोबळ हिशेब करू. सूर्याच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला ६.३ कोटी वॉट बाहेर पडतात, आपल्या अंतरावरच्या उन्हाच्या ४६,००० पट. एक मिलिमीटर जाडीच्या आणि एक चौरस मीटरच्या थरात एक किलो पाणी असतं. ते तापवून वाफ करायला २६ लाख जूल पुरतात. म्हणजे कातडीचा मिलिमीटरभर थर जायला सेकंदाचा पंचविसावा भाग. वाफ थोडा आडोसा करेल म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त धरा. वेदना मेंदूपर्यंत पोचून कळायला त्याहून जास्तच वेळ लागतो. मुलीला हे सांगताना मी एवढंच म्हणेन की त्याला काही कळणारही नाही.

'पृष्ठभाग' या शब्दानेही फसवणूक होते. पाय ठेवायला तिथे जमीन नाही. जो झगझगीत थर आपल्याला सूर्याची कडा म्हणून दिसतो, तो आपल्या हवेपेक्षा हजारो पट विरळ वायू आहे. गुरुत्व पृथ्वीच्या २८ पट. ६० किलोच्या माणसाचं वजन १,६८० किलोसारखं, एखादी कार छातीवर ठेवल्यासारखं. पण हे वजन जाणवायला काहीतरी धरून ठेवणारं हवं. धरायला काहीच नसल्यामुळे माणूस नुसता पडत राहील, आणि पडणाऱ्याला वजन जाणवत नाही. बऱ्याच ठिकाणी 'गुरुत्वाने चिरडेल' असं लिहिलेलं दिसतं, तिथे हा भाग सुटलेला असतो.

आणि रात्री गेलं तर? रात्र म्हणजे पृथ्वीने स्वतःच्या अंगाची पाडलेली सावली. आपण पृथ्वीच्या पाठीमागे जातो, म्हणून रात्र. सूर्यावर सूर्याच्या पाठीमागे जायचं कुठे? त्यावरचे काळे डागसुद्धा साडेतीन हजार अंशांच्या आसपास असतात, शेजारच्या उजेडापुढे काळे दिसतात इतकंच. त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हनजे आपली रात आपल्याच घरची."

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाबद्दलही नेहमी विचारतात. ते सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलं, ६ जानेवारी २०२४ ला ठरलेल्या जागी पोचलं. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्यापर्यंतच्या वाटेचा शंभरावा भाग. तिथून सूर्य अखंड दिसतो, ग्रहणाचा अडथळा येत नाही. सूर्य बघायला त्याच्याजवळ जावंच लागतं असं नाही.

मुलीसोबत एक गोष्ट घरी करा. तुमचं घर कौलारू असेल तर दुपारी कौलाच्या फटीतून जमिनीवर कवडसा पडतो. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोल असतो, कारण ते सूर्याचं चित्र आहे. स्लॅबचं घर असेल तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून तो खिडकीत लावा. सूर्याकडे मात्र थेट बघू देऊ नका. भोकातूनही नाही, एक्स-रेच्या फिल्ममधूनही नाही. भोकापासून सरळ तीन मीटरवर, किरणांच्या आडवा पांढरा कागद धरा. कवडसा साधारण २.८ सेंटीमीटरचा भरेल. हा झाला सूर्य. या मापाने पृथ्वी पाव मिलिमीटरची, टोकदार पेन्सिलीने नुसता टेकवलेला ठिपका. पार्कर यान गेलं ती जागा कवडशाच्या कडेपासून १२ सेंटीमीटरवर. बुध सव्वा मीटरच्या थोडा आत. मग तिला विचारा, पृथ्वी कुठे ठेवायची? तिने टेप लावून मोजलं तर उत्तर तीन मीटर येईल, बरोबर त्या भोकाजवळ, जिथून ऊन घरात शिरतंय. आणि आदित्य त्या भोकापासून फक्त तीन सेंटीमीटर खाली.